सदर वाहन सुस्थितीत होते

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ‘कट्’ असा आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा मी रेडिओ मोठा केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा काच वर केली. तिसऱ्यांदा आला तेव्हा स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, “रस्ता खराब आहे.” त्या वेळी गाडी आमच्याच अंगणातल्या फरशीवर होती.

मी भित्रा माणूस आहे. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण नोंद नसली की पुढे भानगडी होतात. हिंगोलीला तहसील कचेरीत मी अव्वल कारकून आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, लोक भाऊसाहेब म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय रुबाब आहे! आतून मी साहेबांना भितो, साहेबांच्या शिपायाला भितो, माहिती अधिकाराच्या अर्जाला भितो, मोकाट कुत्र्यांना भितो आणि गाडी मागे घ्यायची असली तर आख्ख्या गल्लीला भितो. पण या सगळ्या भीतींची बेरीज केली तरी ती वडिलांच्या धाकाएवढी होत नाही.

अण्णा, म्हणजे व्यंकटराव, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलेला आहे आणि हळदीकुंकू दोघांनाही वाहिलं जातं. अण्णांचं वाहनशास्त्र एका वाक्याचं आहे : “गाडी तुटत नसती, तोडणारा असतो.” पंक्चर झालं तरी ते टायरकडे बघत नाहीत, चालवणाऱ्याकडे बघतात. मी बावन्न वर्षांचा आहे, पण त्यांनी तसं बघितलं की मला सातवीतला गणिताचा पेपर आठवतो आणि तळहाताला घाम येतो.

त्या आवाजाचा जन्म कनेरगाव नाक्याला झाला. वाशीमला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. बायको, मिना, माहेरी दोन दिवस राहिली आणि मी एकटाच परत निघालो. नाक्याच्या अलीकडे मागे एस.टी. लागली. एस.टी. मागे लागली की स्टिअरिंगवर अण्णाच बसलेत असं मला वाटतं. तिने हॉर्न दिला. शहाणा माणूस बाजूला झाला असता. मी पुढे पळालो. समोर गतिरोधक होता. त्याच्यावर पांढरे पट्टे मारलेले होते, अलीकडे पाटीही होती, म्हणजे तक्रारीला कुठे जागाच नव्हती. फक्त मी त्या वेळी आरशात बघत होतो. धाड! डोकं छताला, चष्मा पायाशी आणि मेव्हण्याने दिलेला लाडवांचा डबा पुढच्या काचेवर.

मी धाब्यासमोर गाडी थांबवली, उतरलो आणि चाकं मोजली. चार होती. धाब्यावरचा चहावाला म्हणाला, “काय साहेब, विमान उतरवून राहिले का?” मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चहा घेतला. घरी आल्यावर लाडू फुटल्याचं सांगितलं, गाडी आपटल्याचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून डावीकडे वळताना ‘कट्’ सुरू झालं. गाडी दस्तगीरच्या गॅरेजवर न्यायला हवी होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दस्तगीर हा अण्णांचा चेला. अण्णा त्याच्याकडे रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात, तो त्यांना उस्ताद म्हणतो. त्याला जे कळलं ते तासाभरात अण्णांना कळणार, आणि मग मला तो पेपर पुन्हा द्यावा लागणार. म्हणून मी आवाज आपोआप थांबायची वाट बघत होतो. कचेरीतली निम्मी प्रकरणं अशीच मिटतात.

मधल्या रविवारी शेजारच्या शेषरावांनी गाडी मागितली. शेषराव हळदीचे अडते, तोंडाने गोड, वृत्तीने सल्लागार. मेहुणीसाठी स्थळ बघायला वसमतला जायचं होतं. एरवी मी गाडी न द्यायला दहा कारणं सांगितली असती, पण त्या दिवशी माझ्या मनात पाप आलं. जे काही व्हायचं ते शेषरावांच्या हातून होऊन जावं, असं मला वाटलं, आणि मी हसत हसत किल्ली दिली. वर पेट्रोलही भरून दिलं. संध्याकाळी ते सुखरूप परत आले. मला मनापासून वाईट वाटलं.

आता जान्हवीबद्दल. माझी ही एकुलती एक मुलगी चारच महिन्यांपूर्वी पुसेगावकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात अधिकारी म्हणून लागली. सकाळची एस.टी. तिच्या वेळेच्या तासभर नंतर पोचते. तिकडेच खोली करून राहते म्हणाली, तर मिनाने दोन वेळचं जेवण सोडलं. शेवटी उरली गाडी. आणि गाडी म्हटली की अण्णा. घरातल्या गाडीचा, ती माझ्या नावावर असली तरी, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी महिनाभर नकार दिला आणि मग अट घातली : “चालव. पन एक बार गाडीला धक्का लागला का किल्ली माझ्यापाशी अन् तू घरी. मंग नोकरीचं नाव काढायचं न्हाई.” जान्हवीने ती अट हसत मान्य केली, कारण ती गाडी खरंच चांगली चालवते. तिला मी शिकवली असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे मी शेजारी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो, शिकली ती आपली आपण.

नाक्याच्या त्या दिवसाला नऊ दिवस झाले होते. इतके दिवस मधूनच येणारा आवाज आता वाढला होता. दहाव्या दिवशी सकाळी ती गाडी काढताना थांबली. “बाबा, डावीकडे वळताना काहीतरी वाजतंय. गाडी ठीक आहे ना?”

ओट्यावर अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पान उलटायचं थांबलं.

“एकदम ठणठणीत!” मी म्हणालो. “बिनधास्त जा तू.”

बिनधास्त हा शब्द मी आयुष्यात तेवढ्या एकदाच वापरला आहे. ती गेली. मी कचेरीत गेलो आणि अकरापर्यंत एकाच अर्जाला तीनदा जावक क्रमांक दिला. अकरा वाजता फोन आला. “बाबा, घाबरू नका. पुढचं चाक मोडलं. आम्ही ठीक आहोत.” घाबरू नका म्हटल्यावर माणूस काय करतो ते मी केलं. समोर शेषराव कसल्याशा उताऱ्यासाठी उभे होते, त्यांच्याच मोटारसायकलवर मागे बसलो. वाटभर शेषराव एकच वाक्य बोलत होते, “रस्ताच भंगार हाये भाऊसाहेब, दुसरं काही कारण न्हाई.” मला ते वाक्य फार आवडत होतं. ते इतक्या वेळा का म्हणतायत, हा विचार तेव्हा सुचला नाही.

पुसेगावच्या अलीकडे ओढ्यावर एक बुटका पूल आहे, त्याला कठडा नाही. पूल ओलांडल्यावर पाच-सहा हातांवर आमची गाडी एका गुडघ्यावर टेकलेल्या बैलासारखी बसली होती. डावं चाक आत दुमडलं होतं. जान्हवी गाडीच्या मागे दगड लावत होती. तिच्याबरोबर लसीकरणाला निघालेल्या उपकेंद्रातल्या आशा सेविका कमलबाई बांधावर लसींचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या कपाळाला सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं.

“काही न्हाई झालं भाऊसाहेब,” कमलबाई म्हणाल्या. “ताईनं बराबर आवरली गाडी. लस बी सांडली न्हाई. पन पाच हात मागं झालं असतं ना, तर आमी दोघी बी वड्यात व्हतो.”

मी ओढ्याकडे बघितलं. भाद्रपदातलं पाणी, गढूळ, दोन्ही काठ भरून चाललेलं. मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण गावातली दहा-बारा माणसं जमली होती, शेषराव होते आणि जान्हवी माझ्याकडे बघत होती.

भ्यालेला माणूस हाताला येईल ते धरतो. कोणी देवाचं नाव धरतं, कोणी बायकोचा हात. माझ्या हाताला बगलेतल्या पिशवीतले कागद आले, आणि मी पंचनामा लिहायला बसलो.

हसू नका. अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं आहे. काहीही पडलं, जळलं, वाहून गेलं की आधी पंचनामा. विम्याला उपयोगी पडेल, असंही मी मोठ्याने म्हणालो. पाच पंच लगेच मिळाले. आमच्याकडे कामाला माणूस मिळत नाही, पण पंच हवे तेवढे. अडचण अशी झाली, की आपलं कारण कागदावर आल्याशिवाय एकही सही करेना. पहिला म्हणाला, पाइपलाइनसाठी खोदलेला चर नीट बुजवला नाही म्हणून. दुसऱ्याचं ट्रॅक्टर होतं. त्याचं म्हणणं, आजकाल गाड्यांत लोखंड नसतंच, पत्र्याला रंग देतात. तिसरे एक म्हातारे होते, त्यांनी गाडी कोणत्या तिथीला घेतली ते विचारलं आणि मी सांगताच नुसतं ‘हां’ म्हटलं. त्या ‘हां’ची मला दोन ओळींत नोंद घ्यावी लागली. चौथे शेषराव. त्यांनी ‘रस्ता, रस्ता आणि फक्त रस्ता’ असं लिहून घेतलं. पाचव्या कमलबाई. त्या म्हणाल्या, “मी गाडीत व्हते. मला कारन माहीत न्हाई. ज्याला माहीत असंल त्यानं लिहावं.” हे मी लिहिलं नाही.

आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच परिच्छेदात, माझा हात आपोआप एक वाक्य लिहून गेला : ‘सदर घटनेपूर्वी वाहन सुस्थितीत होते.’

ही आमच्या खात्याची सवय. पडलेलं घर पडण्यापूर्वी सुस्थितीत असतं, मेलेली म्हैस मरण्यापूर्वी धडधाकट आणि दुभती असते. तसं लिहिलं नाही तर बिचाऱ्या माणसाला मदत मिळत नाही. हजारदा लिहिलेलं वाक्य एक हजार एकाव्यांदा लिहिलं, पुढे ‘वाहन चालक : कु. जान्हवी’ असं टाकलं आणि खाली झोकदार सही केली.

संध्याकाळी अण्णांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

“ही सही तुझीच ना?”

“हो, अण्णा.”

“गाडी चांगली होती, असं तू लिवलंस. रस्ता तर रोजचाच हाये, माझी एस.टी. गेलीया त्याच्यावरून. मंग मोडली कोनी?” त्यांनी किल्ली बंडीच्या आतल्या खिशात घातली. “पोरी, ठरल्याप्रमानं झालं. माझ्या मनात राग न्हाई. पन हात तयार न्हाई तुझा.”

जान्हवी रडली नाही. ती माझ्याकडे वळली. “बाबा, सकाळी मी तुम्हाला आवाजाचं विचारलं होतं ना?”

“विचारलं होतंस,” मी म्हणालो. “पण तो... तो किरकोळ आवाज. पावसाळ्यात येतो.”

मी काय बोललो ते मला ऐकू आलं आणि स्वतःची किळस आली. तरी मी जेवलो. भ्यालेल्या माणसाला भूक लागते, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

पुढचे चार दिवस ती एस.टी.ने गेली आणि चारही दिवस उशिरा पोचली. उपकेंद्राच्या दाराशी सकाळी लेकरं घेऊन बाया उभ्या असतात, त्या परत जाऊ लागल्या. वरून विचारणा आली. पाचव्या दिवशी तिने आईला सांगितलं, की महिनाअखेरीला राजीनामा देते. लोकांना दारात उभं ठेवून नोकरी करणं तिला जमणार नाही. मिनाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, जणू त्यात काही मार्ग छापला असावा.

त्या दिवसांत गल्लीने आम्हाला सल्ल्याचा तुटवडा पडू दिला नाही. लिंबू-मिरची बांधा, चाकं बदला, गाडी बदला, पोरीचं लग्न करा, असे चढत्या भाजणीने सल्ले आले. मी मात्र वेगळ्याच मार्गाला लागलो होतो. दोष कोणाचा तरी असायलाच हवा आणि तो शक्यतो सरकारी असावा, म्हणजे कोणाला लागत नाही, असा माझा हिशोब. म्हणून मी रस्त्याचं काम बघणाऱ्या एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, मला अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे. तिथला कारकून माझ्यासारखाच निघाला, चष्मा कपाळावर आणि कागद बगलेत.

“कनेरगाव नाक्याच्या अलीकडचा गतिरोधक,” मी चाचरत म्हणालो, “जरा उंच नाही का?”

“असू शकतो,” तो खुशीत म्हणाला. “अर्ज द्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, वाहनाचा वेग किती, चालक कोण, सविस्तर लिहा. साहेब स्वतः मोजायला येतील. तुमच्या घरी येऊन जबाब पण घेतील.”

“घरी?”

“घरीच. कोण असतं घरी?”

माझ्या डोळ्यांसमोर ओटा आला, ओट्यावर पेपर आला. “नाही, मी सहज विचारलं,” म्हणून मी उठलो, तो पायरी चुकलो आणि त्यांच्या सूचना फलकाला धरून उभा राहिलो.

विम्याचं तर विचारू नका. फोनवरच्या बाईने माझी जन्मतारीख तीनदा विचारली आणि कारण एकदाच. मी पंचनाम्यातली चारही कारणं वाचून दाखवली. ती म्हणाली, सर, फॉर्ममध्ये एकाच कारणाची जागा आहे. गाडी बघायला नांदेडहून विम्याचा माणूस येईल, तोच काय ते ठरवेल.

तो गुरुवारी दस्तगीरच्या गॅरेजवर आला. शांत, नीटनेटका मुलगा, हातात टॅब. आमच्याकडून अण्णा, मी, जान्हवी आणि न बोलावता शेषराव. दस्तगीरने मोडलेला भाग सोडवून फडक्यावर ठेवला होता : चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात, मधोमध तुटलेला. माझ्या कपाळावर घाम आला. मी रुमाल काढला, तर हातात पंचनामाच आला.

“उस्ताद, इकडं बघा,” दस्तगीर अण्णांना म्हणाला. त्याने तुटलेल्या जागेवर बोट फिरवलं. “ये अर्धी बाजू चकाकते. ही त्या दिवशी तुटली. अन् ही अर्धी तांबारलेली हाये. लोखंड आधीच तडकलेलं व्हतं, आठ-दहा दिवस पानी लागून तिथं गंज चढला. जान्हवीबेटीच्या हातात गाडी आली तवा हा अर्धा तुटलेलाच व्हता. बेटीचा काही कसूर न्हाई. उलट तिनं खाली पडू दिली न्हाई, ते बहोत झालं.”

विम्याच्या मुलाने पंचनामा मागितला. मी दिला. “यात तर सुस्थितीत लिहिलंय,” तो म्हणाला. “मग हा गंज कुठून आला? आधी कुठे आपटली होती का गाडी?”

अण्णांनी मान वर केली आणि सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. ती माझ्यापर्यंत येणार, एवढ्यात मध्येच शेषराव कोसळले.

“मी!” ते ओरडले. “मीच तो पापी! भाऊसाहेब, मेहुणीचं स्थळ खोटं होतं. मी वसमतच्या बाजाराला हळद नेली गाडीत. चार पोती! मागची सीट काढून! येताना बी तीन आणली, ओली निघाली म्हनून परत. आठ दिवस झोप न्हाई मला. कमलबाईचं टेंगूळ डोळ्यांसमोरून हलत न्हाई.” आणि ते खरोखर रडू लागले.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, सुटलो! जान्हवी सुटली, मीही सुटलो. शेषराव काय, शेजारी आहेत, चार दिवसांत सगळे विसरतील. अण्णांनी तोंड सोडलं होतं : “काहून रे शेषराव? भाड्याचा टेंपो मिळाला न्हाई तुला? लेकराच्या जिवावर उठला!” विम्याचा मुलगा टॅबवर ‘जादा भार’ असं लिहू लागला. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हे तर माझं आयुष्यभराचं काम.

जान्हवी शेषरावांजवळ गेली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“काका, पोती नेली तर नेली. माणसाकडून होतं. पण सांगायचं ना. मी गाडी दस्तगीरचाचांकडे नेली असती, एक दिवस रजा टाकली असती. त्या पुलाला कठडा नाही. कमलबाईंच्या घरी तीन लेकरं आहेत. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही रोज सकाळी मला जाताना बघत होता. मला तेवढंच कळत नाहीये, की बघवलं कसं?”

शेषराव मान हलवत राहिले. तो प्रश्न त्यांचा नव्हताच. चार पोत्यांनी तो लोखंडी हात तडकला असेल की नाही, मला माहीत नाही. पण रोज सकाळी बघणारा कोण होता, ते मला पक्कं माहीत होतं.

“शेषराव नाही,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला, की दस्तगीरने हातोडी खाली ठेवून कान दिला. “मी. कनेरगाव नाक्याला. शेषरावांच्या आधी आठवडाभर. गतिरोधकावरून उडवली मी. आवाज दुसऱ्या दिवसापासून येत होता. मला ऐकू येत होता.”

विम्याच्या मुलाने खोडलं, पुन्हा विचारलं, “मग चालक म्हणून कोणाचं नाव लिहू?” मी माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हुद्दा, कचेरी सगळं सांगितलं. पंचनाम्यातल्या त्या वाक्यावर रेघ मारली आणि शेजारी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी खाडाखोड केली.

अण्णा उठले. मी नकळत दोन पावलं मागे सरकलो आणि टायरच्या चळतीवर आदळलो. त्यांनी बंडीतून किल्ली काढली, जान्हवीच्या हातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने मिटली. “माझं चुकलं पोरी,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. बहुतेक त्यांनीही नव्हतं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तू आता एस.टी.नं हिंडत जा. तिथं ड्रायव्हर असतो.”

खरं सांगतो, एवढ्यावर भागलं याचा मला आनंद झाला. ज्याला मी नऊ दिवस आणि वर आठवडाभर भीत होतो, ते हेच होतं? मी शेषरावांना हात देऊन उठवलं, दस्तगीरला चहा मागवायला सांगितलं. छाती मोकळी झाली होती. मी जवळजवळ हसलोसुद्धा.

तेव्हा जान्हवी म्हणाली, “बाबा, तुम्ही मला बिनधास्त जा म्हणालात.”

“हो.”

“तुम्हाला आवाज माहीत होता.”

“हो, बेटा. मी अण्णांना भ्यालो.”

तिने मान हलवली. रागावली असती तर मी माफी मागितली असती, माफीची वाक्यं मला पाठ आहेत. ती रागावली नाही. तिने ओढणी खांद्यावर नीट केली आणि दस्तगीरला विचारलं, गाडी कधी मिळेल, सोमवारी लसीकरण आहे.

गाडी सोमवारी मिळाली. राजीनामा टळला, उपकेंद्राचं दार आता वेळेवर उघडतं, कमलबाईंचं टेंगूळ बसलं आणि अण्णा दस्तगीरकडे खुर्चीवर बसून नातीच्या हाताचं कौतुक करतात. शेषराव आमच्याकडे चहाला येतात आणि हळदीचा विषय काढत नाहीत. विम्याचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

जान्हवी रोज सकाळी निघण्यापूर्वी गाडीपाशी उकिडवी बसते. मोबाइलचा उजेड चाकाच्या आत टाकते, दस्तगीरने दाखवल्याप्रमाणे टायर दोन्ही हातांनी धरून हलवून बघते, मग दुसऱ्या बाजूला जाते. चारही चाकं बघून होईपर्यंत मी फाटकाशी उभा असतो. उत्तर मी तयार ठेवलेलं आहे, अगदी खरं, जसं येईल तसं : मला ठीक वाटते, पण माझ्यावर जाऊ नकोस, दाखवून घे. हात झटकून ती उठते, “येते आजोबा” म्हणते, आईला हात करते. माझ्याकडे बघून हसतेही. पण गाडी ठीक आहे ना, असं मला विचारत नाही.